पिवळी रेघ

बोल्टावरचा वाळलेला चिखल त्याने अंगठ्याने खरवडला आणि खालून पिवळी रेघ निघाली. बोल्टाच्या डोक्यावरून निघून शेजारच्या पट्टीवर उतरलेली, अर्ध्या बोटाएवढी, शेवटी जराशी शेपटी असलेली. ब्रश उचलायला त्याला नेहमीच किंचित उशीर व्हायचा, म्हणून ती शेपटी. आपलं अक्षर माणूस कुठेही ओळखतो. त्याने ते ओळखलं आणि हातातला दिवा तसाच धरून तो गाडीखाली पडून राहिला.

"काका, आहात ना?" बाहेरून आवाज आला. "का डुलकी लागली?"

"आहे," तो म्हणाला. "बघतोय."

बाहेर स्टुलावर दातांची डॉक्टर बसली होती. गाडी तिची. आज तिच्या दवाखान्याला सुट्टी, म्हणून सकाळीच ती गाडी घेऊन आली होती. गाडी फाटकातून आत येताना त्याने तिच्याकडे पाहिलं होतं, पण तेव्हा त्याला काही जाणवलं नव्हतं. छोटी, बुटकी, रुंद टायरांची, राखाडी रंगाची, अंगापेक्षा मोठं इंजिन असलेली गाडी. अशा पन्नास तरी गावात फिरत असतील. आता दिव्याच्या उजेडात दिसत होतं की राखाडी रंग दाराच्या खालच्या कडेपाशीच संपला होता. त्याच्या आत, रंगाऱ्याचा फवारा जिथे पोचत नाही तिथे, जुना निळा होता. त्याच्या मुलाची गाडी निळी होती.

चाकांची फळी ढकलत तो बाहेर आला आणि उठून बसला. गुडघे कुरकुरले. साठी जवळ आलेली, त्यात तीस वर्षं जमिनीला पाठ लावून काढलेली. धंद्यातले लोक त्याला ओळंबा म्हणत. इतरांकडे चाकं सरळ करायला कॉम्प्युटर आले, तरी हा अजून गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणायचा, मडगार्डावरून ओळंबा सोडायचा आणि पोलादी पट्टीने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजायचा. कॉम्प्युटरवाला स्वतःची गाडी मात्र याच्याकडे आणायचा. बाजारात त्याच्याविषयी तक्रार एकच, की वेळ फार लावतो. बाकी नाकासमोर चालणारा माणूस, एका पैशाचं खोटं नाही, असं सगळे म्हणत.

"काय दुखतंय हिचं?" डॉक्टरने विचारलं.

"तुम्ही सांगा. तुम्हाला चालवताना काय होतं?"

"वळणावर मी स्टिअरिंग फिरवते आणि गाडी म्हणते, बघू. थोडा वेळ सरळच जाते. मग नाइलाजाने वळल्यासारखी वळते. माझे पेशंट असेच करतात. तोंड उघडा म्हटलं की आधी छताकडे बघतात."

तो हसला नाही, पण चेहरा जरा सैल झाला. "पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या सगळ्या गाड्या थोड्याफार अशाच असतात. ओढायचं त्याच चाकांनी, वळायचंही त्यांनीच. एका माणसावर दोन कामं टाकली की एक अर्धवट राहतं."

"हिचं थोडंफार नाही, फारच आहे. रविवारी जुन्या धावपट्टीवर शंकू लावून स्पर्धा आहे. मला पहिलं-बिहिलं यायचं नाही हो. शंकू तेवढे पाडायचे नाहीत."

तो फडक्याने हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता.

"गाडी कोणाकडून घेतलीत?"

"एक मुलगा होता. मुलगा म्हणजे तिशीचा असेल. मोठ्या शहरात कारकुनी नोकरी करतो. चार महिने झाले. फार कमी किमतीत देत होता, म्हणून मला शंका आली. म्हटलं, खरं सांगा, हिच्यात खोट काय आहे? तर म्हणाला, गाडीत काही खोट नाही, चालवणाऱ्यात होती." डॉक्टर हसली. "अशी विक्री करतं का कोणी? आता म्हणे बसने जातो. गाडी चालवणंच सोडलंय."

फडकं त्याने घडी करून बाकावर ठेवलं.

"तुमचा पत्ताही त्यानेच दिला," ती पुढे म्हणाली. "म्हणाला, तुमच्या गावात एक जण आहेत, दोरी लावून चाकं बघतात, मापं त्यांच्याकडूनच घ्या. मी विचारलं, तुमच्या ओळखीचे का? तर म्हणाला, त्यांचं माप चुकत नाही."

दोऱ्यांची गुंडाळी काढून तो गाडीच्या पुढच्या बाजूला गेला.

*

या कारखान्यात एक रीत होती. बोल्ट ज्याने घट्ट केला त्याने स्वतःचा बोल्ट तपासायचा नाही. दुसऱ्याने टॉर्क पाना लावायचा, बोल्ट पुरेसा आवळलेला असून पाना कट्ट वाजला की बोल्टावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ ओढली की तो बोल्ट देवाच्या बापानेही सोडायचा नाही. बोल्ट पुढेमागे ढिला झाला तर रेघ मोडलेली दिसते, म्हणून ही युक्ती. पण मुलगा लहानपणापासून त्या रेघेकडे वेगळ्याच नजरेने पाहायचा. बाबांनी पिवळी ओढली म्हणजे विषय संपला.

मुलाने गाडी घेतली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. धावपट्टीवरच्या स्पर्धांचं वेड लागलं होतं. गाडीचं नाक वळणात सरळ जातं म्हणून दोघांनी मिळून मागच्या बाजूला जाड दांडा बसवला. मागच्या दोन चाकांना जोडणारा हा लोखंडी दांडा गाडीला वळणात एका अंगावर कलू देत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन होल असतात, त्यांतल्या एकात दांडा चाकाशी बांधणारा जोड बसतो. जोड आतल्या होलात लावला की दांडा ताठ होतो, मागची बाजू हलकी होते आणि नाक म्हणाल तसं वळतं. बाहेरच्या होलात लावला की दांडा मऊ पडतो आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी, सरळ जाणारी. ताठ दांड्याला एक धोका असतो. भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर मागची बाजू पुढे यायला बघते.

त्या वर्षीच मुलाची आई गेली. आठ दिवसांच्या आजारात गेली, काही सांगायलाही वेळ मिळाला नाही. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात सरावाच्या दिवशी मुलाच्या गाडीने भर वेगात दोन गिरक्या घेतल्या आणि उलट्या दिशेला तोंड करून ती थांबली. झालं काहीच नाही. मुलगा हसत बाहेर आला. कुंपणाशी उभा असलेला बाप मात्र गवतावर बसला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

पुढच्या स्पर्धेच्या सकाळी शेवटची तपासणी करताना त्याने मागच्या दोन्ही बाजूंचे जोड आतल्या होलातून काढून बाहेरच्या होलात लावले. दहा मिनिटांचं काम. वर पिवळी रेघ ओढली. संध्याकाळी गाडी धुताना पुन्हा आत घेतले. पुढे प्रत्येक स्पर्धेला हेच. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत.

घरात आता एकच माणूस उरलं होतं आणि ते सांभाळायचं होतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. यात वाईट काय, असं त्याने स्वतःला अनेकदा विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या बाजूने निकाल दिला होता.

पण बोल्टावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मुलगा हरून घरी यायचा, पायरीवर वही घेऊन बसायचा, टायरमधली हवा, चाकांचा कल, वळणाचा वेग, सगळं लिहून काढायचा आणि विचारायचा, "बाबा, सरावात वळते. स्पर्धेत नाक ऐकतच नाही. असं का होत असेल?"

आणि हा म्हणायचा, "हातात असतं रे ते. स्पर्धा म्हटली की तू घाई करतोस. हळू फिरव."

मुलाने हात हळू केले. मग जलद केले. मग बसण्याची जागा बदलली, हातमोजे बदलले, आरशासमोर खुर्चीत बसून थाळीचं स्टिअरिंग करून सराव केला. दोन वर्षं. शेवटची स्पर्धा हरल्यावर त्याने सामान भरलं आणि त्याच संध्याकाळी गाडी घेऊन तो सहा तासांवरच्या शहरात नोकरीला निघून गेला. जोड आत घ्यायचे राहून गेले. शहरातल्या गाडीखाली कोण शिरतंय? पाच वर्षं झाली या गोष्टीला. दर दुसऱ्या रविवारी अकरा वाजता मुलाचा फोन यायचा. तब्येत? बरी. काम? चालू आहे. मग दोघंही थोडा वेळ हवेविषयी बोलायचे. त्या फोनच्या दिवशी हा साडेदहापासून हात धुऊन बसायचा, आणि फोन ठेवल्यावर घरात इतकी शांतता व्हायची की तो सुट्टी असूनही कारखाना उघडायचा.

*

डॉक्टरच्या गाडीचं काम त्याने मन लावून केलं. दोऱ्या ताणल्या. पुढच्या चाकांची वरची बाजू किंचित आत झुकवली, म्हणजे वळणात टायर पुरता रस्त्याला टेकतो. चाकांची तोंडं केसभर बाहेर फिरवली. पुढच्या टायरमधली हवा थोडी उतरवली, मागची चढवली. मागच्या सामानाच्या जागेतली हवा गेलेली गादी, दोन छत्र्या आणि दात घासायचं शिकवायला वापरतात तो फूटभर लांबीचा जबडा बाहेर काढला. हे सगळं केलं आणि त्या बोल्टाला मात्र हात लावला नाही.

का नाही लावला, हे त्याला विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. ही बाई कोणाची तरी मुलगी असेल, असंही एकदा मनात आलं. जुनी सवय.

"चला, बघू," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला.

गोदामांच्या मागे एक रिकामा रस्ता होता. तिथे भिंतीच्या कडेने एक लांबलचक डावं वळण. दुपारी तिकडे कुत्रंही फिरकत नसे. डॉक्टरने गाडी वळणात घातली. पहिल्या क्षणी नाक वळलं, मग पुढचे टायर कुरकुरले आणि गाडी बाहेरच्या कडेकडे घसरत सरळ चालू लागली. तिने वेग कमी केला.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा कडेची खडी उडाली. गाडी थांबवून तिने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हणजे हातच माझे," ती म्हणाली. "तुम्ही एवढं सगळं केलंत. तुमचं माप चुकत नाही म्हणतात. मग माझ्याच हातात काहीतरी कमी आहे."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर भिंत होती.

"हात चांगले आहेत तुमचे," तो म्हणाला. "गाडी परत घ्या. एक काम राहिलंय."

परत आल्यावर तो गाडीखाली गेला. पाना लावला. गंज धरला होता, तेल सोडून थांबावं लागलं. मग बोल्ट चर्र करून सुटला आणि पिवळी रेघ मधोमध तुटली. जोड काढून त्याने आतल्या होलात बसवला, मग दुसऱ्या बाजूचाही. खालूनच तो तिला सांगत होता, "आता ही वळेल. पण एक लक्षात ठेवा. वळणात घाबरून पाय एकदम उचलायचा नाही. उचललात तर मागचं पुढे येईल."

"आणि घाबरल्यावर काय करायचं?"

"घाबरायचं ते वळणाच्या आधी. ब्रेक तिथेच संपवायचा. आत गेल्यावर पाय स्थिर."

एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं. बोल्ट घट्ट करता करता त्याचा हात थांबला. हे अर्धं मिनिट त्याने मुलाला कधी दिलं नव्हतं. दोन वर्षं बोल्ट आतबाहेर करण्यात घालवली, पण समोर बसवून सांगितलं नाही, की हे बघ, मला भीती वाटते, तर तू असं असं चालव. त्याला स्वतःची लाज वाटली. गाडीखाली होता ते बरं होतं.

बाहेर येऊन त्याने टॉर्क पाना डॉक्टरच्या हातात दिला.

"मी?" ती म्हणाली. "तुम्हीच केलंत ना घट्ट?"

"म्हणूनच तुम्ही. ज्याने केलं त्याने तपासायचं नसतं."

"मग रोज कोण तपासतं?"

"रोज कोणी नाही," तो म्हणाला. मुलगा गेल्यापासून त्याने रेघा ओढणंच सोडलं होतं.

तिने केस बांधले आणि न कुरकुरता फळीवर आडवी होऊन आत गेली. पाना दोनदा कट्ट वाजला. मग त्याने दिलेल्या ब्रशने तिने रेघा ओढल्या, दातात सिमेंट भरावं तशा, जीभ ओठांवर ठेवून. मग एकटीच गाडी घेऊन गेली. तो फाटकापाशी उभा राहून ऐकत होता. गोदामांमागून इंजिनाचा आवाज चढला, क्षणभर स्थिर राहिला आणि टायरांचा एक लांब, एकसारखा सूर आला. कुरकुर नव्हती. तो पुन्हा आला. मग पुन्हा. पाच वेळा तिने ते वळण घेतलं.

"वळली!" ती खिडकीतूनच ओरडली. "म्हटल्याबरोबर वळली! काका, आधी तशी चुकीची लावून ठेवली कोणी होती?"

"होता एक घाबरट."

"त्या बिचाऱ्याला कळवायला हवं हो. गाडी चालवायचं सोडून बसला आहे तो. दोष त्याचा नव्हता, बोल्टाचा होता." तिने फोन काढला. "माझ्याकडे नंबर आहे त्याचा. आत्ताच सांगते."

"नको," तो म्हणाला. जरा जोरातच म्हणाला. "मी सांगतो."

"तुमच्याकडे नंबर आहे?"

"आहे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "कोण तो तुमचा?"

"मुलगा."

डॉक्टरने फोन पिशवीत ठेवला. काहीतरी विनोद ओठांवर आला होता, तो तिने गिळला असावा. जबडा आणि छत्र्या तिने स्वतःच उचलून गाडीत ठेवल्या. निघताना फक्त म्हणाली, "आज सांगा हं काका. दाढ दुखायला लागली की लोक रविवारपर्यंत थांबतात. थांबू नये."

*

जेवणाचा डबा त्याने उघडला आणि तसाच बंद केला. मग फोन लावला.

"बाबा?" मुलाच्या आवाजात धसका होता. "आज कसा फोन? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. तू कामात आहेस का?"

"जेवणाची सुट्टी आहे. बोला ना."

"तिकडे ऊन आहे का?"

"आहे. बाबा, काय झालं?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आणखी एक मिनिट गेलं. मग तो म्हणाला, "तुझी गाडी आली होती."

"अच्छा, आल्या का त्या डॉक्टर." मुलगा थांबला. "विकली मी. सांगायचं राहिलं."

"नाक सरळ जात होतं."

"जातंच ते. काय केलंत मग?"

"चाकांचा कल बदलला, हवा बदलली. आणि मागचा दांडा आतल्या होलात घेतला."

"तो आतल्याच होलात आहे, बाबा. आपण दोघांनी लावला होता."

"बाहेरच्या होलात होता."

"कसा असेल? त्याच्यावर तुमची पिवळी..." मुलगा बोलता बोलता गप्प झाला.

फोनच्या पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली, कोणीतरी हसलं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि मुलाच्या बाजूला शांतता झाली. त्या शांततेत याने सगळं सांगितलं. गिरक्या, बुटाची नाडी, सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. "आणि वर तुलाच म्हणत राहिलो, की हातात आहे म्हणून. हातात काही नव्हतं. तुझे हात पहिल्यापासून चांगले होते." एवढं लांब तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"प्रत्येक वेळी?" मुलाने विचारलं.

"प्रत्येक वेळी. मला ताप आला होता ती एक सोडून."

त्या दिवशी तो अंथरुणात होता. शेजारच्या पंक्चरवाल्याने मुलाबरोबर जाऊन तपासणी केली होती, आणि हा दिवसभर कूस बदलत दारावर थाप पडायची वाट बघत होता. थाप पडली. मुलगा कप घेऊन दारात उभा होता. स्पर्धेत तो दुसरा आला होता. हा एवढंच म्हणाला होता, आलास ना, बस झालं.

"त्या वेळी मी दुसरा आलो," मुलगा म्हणाला.

"हो."

"किती दिवस हिशोब करत बसलो होतो त्याचा. टायर तेच, हवा तीच, धावपट्टी तीच. वहीत सगळं शेजारी शेजारी लिहून बघितलं. फरक एकच निघाला." तो थांबला. "तुम्ही नव्हतात."

याला पटकन समजलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही कुंपणाशी उभे असलात की माझे हात बिघडतात. तुम्ही बघताय म्हटलं की मला काही जमतच नाही. मग वाटलं, गाडीचं सोडा, बाकी सगळंही असंच होणार. म्हणून लांब आलो मी, बाबा. नोकरी काय, तिथेही होती."

पाच वर्षं याची समजूत होती की मुलगा हरण्याला कंटाळून गेला. तरुण मुलं जातात शहरात, असं तो लोकांना सांगायचा, आणि स्वतःलाही. तो बाकावर बसला. डबा बाजूला सरकवला. "माफ कर" म्हणायचं होतं, पण बाप-लेकांच्यात तो शब्द कधी वापरलेलाच नव्हता, तो तोंडातून निघेना.

"मी..." तो म्हणाला.

"बाबा, आत्ता काही बोलू नका."

"बरं."

"ठेवतो मी."

"ठेव."

पण फोन कोणीच ठेवला नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. टाकीतली हवा उतरली की कोपऱ्यातला कॉम्प्रेसर आपोआप सुरू व्हायचा, तसा तो खडखडत सुरू झाला, टाकी भरून बंद पडला, आणि मग त्याची ती बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली.

"अजून गळतोय का तो?" मुलाने विचारलं.

"गळतो."

"व्हॉल्व बदला ना मग. किती वर्षं झाली."

"एकट्याने होत नाही ते," तो म्हणाला.

व्हॉल्व बदलणं हे एका माणसाचं, एका पान्याचं काम होतं. मुलाने बारा वर्षांचा असताना ते एकट्याने केलं होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बघतो," मुलगा म्हणाला.